तुझे काळोखी सिनेमे, माझे लढाईचे

४ मार्च

मिरी,

मायना काय लिहावा यात अर्धा तास गेला, शेवटी नुसतं नाव लिहिलं. तेही टोपणनाव. तू एवढीशी होतीस आणि बोललीस की झोंबायचं, म्हणून आईने ठेवलेलं. आता पुलांच्या भेगा तपासत हिंडणाऱ्या इंजिनिअर बाईंना ते चालतं की नाही, कोण जाणे. चार वर्षांत विचारायची सोय राहिली नाही.

लिहायचं कारण असं, की तुझ्या खोलीच्या भिंतीला ओल आलीय (किरकोळ आहे, घाबरू नकोस), म्हणून कपाट पुढे ओढलं, तर मागे तुझं खोकं सापडलं. एकतीस डीव्हीड्या. वर तुझ्या अक्षरात चिठ्ठी: ‘बाबांनी हात लावू नये.’ लावला. बोलणं तर तू आधीच बंद केलं आहेस, आणखी काय करशील?

रोज दुपारी जेवण झालं की खोक्यातला वरून क्रमाने एकेक सिनेमा बघतो. आजवर सहा झाले. या जातीला जे परदेशी नाव आहे ते तू मला तीनदा शिकवलंस, ‘निओ-न्वार’, आणि तिन्ही वेळा मी ‘नवा वार’ म्हणालो होतो. मी आपला त्यांना काळोखी सिनेमे म्हणतो. तर काळोखी सिनेमांबद्दल माझं मत ऐक.

रंगीत फिल्म वापरायची आणि घरातले सगळे दिवे घालवायचे, हा काय प्रकार आहे? तो तुझा गुप्तहेर स्वतःच्या घरी येतो, तरी दिवा लावत नाही. अंधारात खुर्चीवर बसतो, ग्लास भरतो, मग कोपऱ्यातून कोणीतरी बोलतं आणि हा दचकतो. अरे बाबा, आल्या आल्या बटण दाबलं असतंस तर तो बसलेला दिसला नसता का? बरं, पाऊस. सहाच्या सहा सिनेमांत पाऊस. आई म्हणायची ते आठवलं, ‘रस्त्यावर एवढी माणसं पळताहेत, एकाच्या तरी हातात छत्री आहे का बघा.’ आणि लाल ओठांची बाई पहिल्या दहा मिनिटांत रडत मदत मागायला आली की खुशाल उठून चहा टाकावा, कारण शेवटी हिनेच केलेलं असतं. सहापैकी पाचांत तसंच. सहाव्यात तिच्या बहिणीने केलं होतं.

एक मान्य करतो. सिनेमे टिकाऊ आहेत. संपल्यावर भांडी घासताना डोक्यात घोळत राहतात.

जाताना दारात तू मला एक प्रश्न विचारला होतास. त्याचं उत्तर या पत्रात नाही, उगाच शोधू नकोस. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला माझ्याशिवाय ऐकणारं कोण आहे? उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण चालवून घेईन.

बाबा

१५ मार्च

मिरी,

तुझं उत्तर नाही. ठरल्याप्रमाणे चालवून घेतोय.

इथल्या वाचनालयाने शनिवारी दुपारी जुने सिनेमे दाखवायला सुरुवात केली आहे. ग्रंथपाल बाईंना कोणीतरी सांगितलं, की मी तीस वर्षं फिल्मच्या डेपोत होतो. झालं, निवडायचं काम गळ्यात पडलं, आणि आधी पाच मिनिटं बोलायचंही. मी लढाईचा सिनेमा निवडला. नऊ माणसं आली, त्यातली दोन उन्हातून सुटका म्हणून.

तो शाळेतला सिनेमा तुला आठवत असेल. तुकडी एका रिकाम्या शाळेत अडकलेली, वरून हुकूम येईपर्यंत हलायचं नाही. सव्वादोन तास हुकूम येत नाही. मोठाली माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली. शेवटी हुकूम येतो तेव्हा लढाई संपून दोन दिवस झालेले असतात. तू चौदा वर्षांची असताना म्हणाली होतीस, ‘बाबा, लढाईचे सिनेमे खोटे असतात. सगळे शूर, सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ, आणि कोणी खिशातून बायकोचा फोटो काढला की समजायचं, हा आता मेला.’ फोटोचं मात्र खरं आहे. शनिवारी फोटो निघाला तेव्हा मलाच हसू फुटलं, आणि शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच गोळी घातली.

पण बाकी तुझं चुकलं. का, ते तेव्हा मला सांगता आलं नव्हतं. डेपोत माझं काम काय होतं ते तुला माहीत आहे, तरी सांगतो, कारण सांगायला दुसरं कोणी नाही. थिएटरांतून फिरून आलेली रिळं हाताने गुंडाळत जायचं. फिल्मची कड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायची. भोक फाटलेलं असलं की बोटाला कळतं. तिथे थांबायचं, खराब तुकडा ब्लेडने कापायचा आणि दोन टोकं अशी जोडायची, की बघणाऱ्याच्या पापणीलाही पत्ता लागू नये. ‘याने जोडलेलं देवालाही दिसायचं नाही,’ असं आमचे साहेब म्हणायचे. देवाला नसेल दिसत. तू सात वर्षांची होतीस आणि भर थिएटरात माझ्या कानाशी ओरडायचीस, ‘बाबा, इथे कापलंय!’

तर सांगत काय होतो, डेपोत टेबलावर आवाज नसायचा. लढाईचे सगळे सिनेमे मी आधी मुके पाहिले, खालच्या काचेच्या उजेडात, एकेक वीत. तोफा ऐकू आल्या नाहीत, भाषणं ऐकू आली नाहीत. नुसती तोंडं दिसली. आणि तुला सांगतो, दहातल्या नऊ फुटांत कोणी लढत नसतं. मोजे वाळत घालतात. बटणं शिवतात. दाराकडे बघतात. लढाईचा सिनेमा म्हणजे वाट बघण्याचा सिनेमा, हे मला आवाज बंद असल्यामुळे कळलं.

त्या शाळेतल्या सिनेमात एकालाच नीट लिहिता येतं, तो सगळ्यांची पत्रं लिहून देतो. ज्याचा पाय गेलाय त्याच्या घरीही लिहितो, ‘पायाला जरा लागलंय, बाकी क्षेम.’ आईला तो माणूस आवडायचा नाही. ‘दोन ठेवून द्यायला हव्यात याला,’ म्हणायची. मला तो फार भला वाटायचा.

शनिवारी घरी आलो आणि कुलूप उघडताना सवयीने दारावर टकटक केली. मला करमत नाही, मिरी. हे लिहिणार नव्हतो, पण लिहिलंय तर आता खोडत नाही.

बाबा

२७ मार्च

मिरी,

तुझ्या खोक्यातला चौदावा सिनेमा मी तीनदा पाहिला. तो विमा कंपनीच्या तपासनीसाचा. गोदामाला आग लागते, रखवालदार मरतो आणि तपासनीस टेपरेकॉर्डरपुढे बसून आपण एकेक धागा कसा जुळवला ते सांगतो. मी त्याच्या बाजूने. अगदी शेवटी कळतं, की आग यानेच लावली. मला एक तास पन्नास मिनिटं पत्ता नाही! तीस वर्षं फिल्मची भोकं मोजलेला माणूस मी.

दुसऱ्यांदा पाहिला तो याला पकडायला. हा कुठे खोटं बोलला? आणि गंमत बघ, कुठेच नाही. तो म्हणतो, ‘मी सात वाजता गोदामावर गेलो. साडेसातला घरी जेवायला बसलो.’ दोन्ही खरं. फक्त मधलं गाळलंय.

काल वाचनालयात तोच लावला. दातांचे डॉक्टर चिडले. म्हणाले, ‘ज्याच्या तोंडून गोष्ट ऐकायची तोच बनवतो, मग आम्ही विश्वास ठेवायचा कुणावर?’ ग्रंथपाल बाई म्हणाल्या, ‘पण डॉक्टर, शेवटी कबूल त्यानेच केलं ना? त्याला कोणी पकडलं होतं का?’ मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, की आता जाणकार काय बोलतात. मी म्हटलं, प्रिंट चांगली आहे. आणि खुर्च्या आवरायला लागलो.

म्हणून आता थोडं लिहितो. आईचं गळ्याचं दुखणं जुलैत निघालं. ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला. तुझी शेवटची परीक्षा वीस ऑक्टोबरपासून होती. तू दर रविवारी होस्टेलवरून फोन करायचीस आणि मी सांगायचो, की आई झोपलीय, आई शेजारी गेलीय, आईचा घसा बसलाय. शेवटचं त्यातल्या त्यात खरं. बारा ऑक्टोबरला ती गेली. तेराला तू आलीस. तू दारात पिशवी टाकून विचारलंस, ‘कधीपासून?’ मी म्हटलं, ‘जुलै. आईनेच सांगू नका म्हटलं होतं.’

तुला मी कळवायला हवं होतं. चुकलं माझं. चार वर्षांत हे एक वाक्य मला लिहिता आलं नाही, ते आज लिहिलं. पण आईची इच्छाच तशी होती, तिच्या शब्दाबाहेर मी कसा जाणार?

वहीबद्दल तू विचारलं होतंस. आवाज गेल्यावर आई जे बोलायचं ते त्या वहीत लिहायची. आयुष्यभर गणित शिकवलेली बाई, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आकडा घालून त्याला गोल करायची. तू पाच दिवस ती वही घेऊन बसली होतीस आणि जाताना म्हणालीस, ‘एक्केचाळीसनंतर एकदम सेहेचाळीस कसं?’ मी म्हटलं, फाटली असतील पानं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि पिशवी उचललीस.

फाटली असतील, असंच मला अजून वाटतं.

बाबा

९ एप्रिल

मिरी, मिरी,

तुझं पोस्टकार्ड आलं! दारात उभ्या उभ्या वाचलं, मग आत येऊन बसून वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं. चार वर्षांनी तुझं अक्षर, आणि पहिलं वाक्य काय, तर ‘लाल ओठांच्या बाईबद्दलचं मत चूक आहे. सहापैकी दोनांतच तिने केलंय, बाकी तिच्यावर घातलंय, नीट बघा.’ परत बघतो. तुझा शब्द आहे म्हणजे मीच घाई केली असणार.

जूनमध्ये कामासाठी इकडे येणार, दोन दिवस घरी राहशील, हे वाचून मी काय केलं सांगू? ओल आलेली भिंत खरवडली. गुडघ्याला विचारलं नाही. रंगाचा डबा आणलाय, तुला आवडतो तो फिका निळा. खोकं होतं तिथे ठेवलंय, चिठ्ठीसकट. ग्रंथपाल बाईंना सांगून ठेवलं, की जूनच्या दुसऱ्या शनिवारी माझी मुलगी येणार आहे, त्या दिवशी पाच मिनिटं ती बोलेल आणि मी ऐकेन. दातांच्या डॉक्टरांनाही सांगितलं. खरं म्हणजे दूधवाल्यालाही सांगितलं.

लढाईचा एक आणि काळोखी एक, असे दोन लावू. तू दोन्हींवर माझी हजामत कर. घरात कोणीतरी माझी चूक काढल्याला फार दिवस झाले.

तू शेवटी लिहिलंयस: ‘पण आधी ४२ ते ४५ कुठे आहेत ते सांगा. फाटली असं लिहिणार असाल तर लिहूच नका.’ त्याबद्दल सविस्तर लिहितो. आता पोस्टाची वेळ होते आहे.

बाबा

१२ एप्रिल

मिरी,

त्या दिवशी पोस्टाची वेळबीळ काही होत नव्हती. सकाळचे दहा वाजले होते.

त्यानंतर मी तुला आणखी एक पत्र लिहिलं. त्यात होतं, की त्या चार पानांवर औषधांच्या वेळा होत्या, त्या मी नर्सला काढून दिल्या. चांगलं पत्र होतं. पाकिटात घातलं, तिकीट लावलं, पेटीपर्यंत गेलोही. तू जूनमध्ये आली असतीस. जेवायला समोर बसली असतीस. मला तेवढंच हवं आहे, दुसरं काही नको, आणि त्यासाठी एक ओळ पुरली असती. पत्र खिशात घालून परत आलो. तू वाचलं असतंस आणि तुला दिसलं असतं, की इथे कापलंय.

पानं माझ्याकडे आहेत. फाटली नव्हती. तेरा तारखेला सकाळी, तू वाटेत असताना, मी डेपोतल्या ब्लेडने कापली. फार स्वच्छ कापली. शिवणीपाशी बोट फिरवूनही कळणार नाही अशी. कोपऱ्यातल्या आकड्यांकडे माझं लक्षच गेलं नाही. फिल्मला आकडे कडेला असतात, मी कड बघितली. आणि कापलेलं फेकायचं नाही, त्यावर क्रमांक टाकून डब्यात ठेवायचं, ही डेपोची शिस्त. म्हणून ती अजून आहेत. या पत्रासोबत पाठवतोय.

आईने मला सांगू नका म्हटलं नव्हतं. एकदाही नाही. ते मी दारात, तुझं तोंड बघून रचलं. मेलेल्या बाईच्या माथी मारलं.

का केलं म्हणशील, तर डॉक्टर सहा महिने म्हणाले होते. मी ऑक्टोबर धरून चाललो. परीक्षा झाली की तुला सांगायचं, तू यायचं, पुढचे दोन-तीन महिने तिघांनी एकत्र काढायचे. मधला तेवढा वाईट तुकडा काढून टाकायचा आणि दोन टोकं जोडायची. मला दुसरं काही येतच नाही गं. सहाचे तीन झाले आणि जोडायला दुसरं टोक राहिलं नाही.

एवढंच असतं तर मी पानं कापली नसती. तू रागावली असतीस, रडली असतीस, मी ऐकून घेतलं असतं. पानांवर फक्त आईचं बोलणं आहे. माझी उत्तरं तोंडी होती, ती कुठेच नाहीत. ती लिहिल्याशिवाय पानं तुला कळायची नाहीत, म्हणून लिहितो.

बेचाळीसवर आहे: ‘मिरीला कळवलं का?’ हे तिने सप्टेंबरच्या सुरुवातीला लिहिलं. मी म्हटलं, ‘हो, परवाच कळवलं.’

त्रेचाळीसवर: ‘काय म्हणाली? रडली का? खरं सांगा.’ मी म्हटलं, ‘अजिबात नाही. धीराची आहे. परीक्षा झाली की लगेच येते म्हणाली.’

चव्वेचाळीसवर: ‘परीक्षा पुढच्या वर्षी नाही का देता येत? विचारा तिला. माझ्यासाठी नको म्हणावं, तुमच्यासाठी विचारा.’ दोन दिवसांनी मी सांगितलं, ‘विचारलं. नाही जमत म्हणाली.’

हे मी बोललो, मिरी. तू असं म्हणालीस, असं तिला सांगितलं. मी तेव्हा विचारही केला नाही, की मी तुझ्या तोंडी काय घालतोय. मला वाटलं, आजचा दिवस निभावला.

त्यानंतर तिने तुझ्याबद्दल विचारणं सोडलं, वहीत लिहिणंही जवळजवळ सोडलं, खुणांवर भागवायची. रविवारी फोन वाजला की भिंतीकडे तोंड करून पडायची. मला वाटायचं थकलीय.

म्हणजे ती गेली ती हेच समजून, की मिरीला सगळं माहीत होतं आणि मिरी आली नाही. पंचेचाळिसावं पान वाचण्याआधी तू हे समजून घे. तुला काहीच माहीत नव्हतं. तुझा यात तसूभरही दोष नाही. जूनमध्ये यायचं की नाही ते तू ठरव. येऊ नयेसं वाटलं तर मी कारण विचारणार नाही, कारण ते माझ्याच अक्षरात तुझ्याकडे असेल.

पंचेचाळीस नऊ ऑक्टोबरचं आहे. अक्षर वेडंवाकडं झालंय, वाचता येणार नाही म्हणून उतरवून देतो.

‘ती येईल तेव्हा तिच्यावर रागावू नका. मी रागावलेली नाही. माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत मीही अशीच लांब राहिले होते, भीती वाटायची म्हणून. कामाचं निमित्त सांगितलं होतं. मुलांना घाबरण्याचा हक्क आहे. तिला सांगा, आईला समजलं. आणि पहिल्या दिवशी काही विचारू नका, आधी जेवू घाला.’

एवढं लिहायला तिला पाऊण तास लागला. मग तिने वही फिरवून माझ्यापुढे धरली आणि मी वाचेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. अजून तीन दिवस होते. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं, की तिला माहीतच नाही गं, मी सांगितलेलंच नाही.

मी म्हणालो, ‘नाही रागावणार.’

बाबा